बारावं चित्र घेऊ का?

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं सहा पानी पत्र आलंय. त्यातलं कामापुरतं इथे देते. व्यंगचित्रकाराचं नाव मी मुद्दाम गाळलंय, कारण ते छापलं तर विक्रेता कोण हे लगेच कळेल.

«ताई, माझं वय ४९. लहानपणी दिवाळी अंकांत ज्यांची चित्रं बघून हसलो, ते व्यंगचित्रकार तैलरंगातही काम करायचे हे मला फार उशिरा कळलं. त्या पेंटिंग्जच्या मर्यादित आवृत्तीतल्या सिल्कस्क्रीन प्रिंट्स निघाल्या. गेल्या सहा वर्षांत मी त्यातल्या ११ घेतल्या. आता पुण्याकडचा एक विक्रेता बारावी देतोय. तिच्यावर नंबराच्या जागी ‘एपी’ लिहिलंय, पेन्सिलने सही आहे, किंमत ४५,००० रुपये. त्याच चित्राची ३/१५० नंबरची प्रतही त्याच्याकडे आहे, पण नंबर लहान म्हणून ती ६०,००० ला. पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतो. दोन्हींचे आणि सर्टिफिकेटचे फोटो सोबत जोडले आहेत. इकडे यंदाच्या पावसात घरातल्या दोन चित्रांवर तपकिरी ठिपके उठलेत. बायको म्हणते, त्या पैशांत पंपाच्या खोलीचे पत्रे झाले असते. धाकटा भाऊ म्हणतो, ही तर रंगीत झेरॉक्स. आणि पुतण्याला यातलं एक चित्र आमच्या आंब्याच्या खोक्यावर छापायचंय. तुम्हीच सांगा.»

दादा, बारावी आत्ता घेऊ नका. कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण घरातल्या अकरांपैकी दोघींना ओल लागलीय आणि तुम्ही पुण्याला फोन लावताय, हे काही मला पटलं नाही. शिवाय तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एक गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे. तिच्याकडे येते. आधी तुमच्या भावाचं बघू, कारण त्याचं उत्तर नीट कळलं तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

मी आणि आमच्या ह्यांनी सावंतवाडीत २२ वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, क्रिकेटच्या स्पर्धांचे टी-शर्ट, आणि हो, तुमच्यासारख्यांच्या आंब्याच्या खोक्यांवरची नावंसुद्धा. कलाकाराची प्रिंट आणि पत्रिकेवरचा सोनेरी गणपती यांच्यात कागद, शाई आणि मेहनत यांचा फरक जमीन-अस्मानाचा, पण रीत एकच. चौकटीवर जाळी ताणलेली असते. पूर्वी ती रेशमाची असायची म्हणून सिल्कस्क्रीन. आता पॉलिएस्टरची असते, नाव मात्र राहिलं. जाळीवर इमल्शनचा, म्हणजे प्रकाशाने कडक होणाऱ्या लेपाचा, थर देऊन तो अंधारात वाळवायचा, त्यावर पॉझिटिव्ह, म्हणजे छापायचा भाग काळा असलेली पारदर्शक फिल्म, ठेवून प्रकाश द्यायचा. प्रकाश लागला तेवढा भाग कडक होतो. झाकलेला भाग पाण्याने धुतला की सुटतो आणि तिथली जाळी मोकळी होते. मग शाई ओतून रबराच्या पात्याने, म्हणजे स्क्वीजीने, एका दमात अंगाकडे ओढायची. कागद क्षणभर जाळीला चिकटतो आणि पट्‌कन सुटतो. तो आवाज बरोबर आला की न बघता कळायचं, छाप चांगला बसला.

हा झाला एक रंग. पेंटिंगवरून प्रिंट काढायची तर असे पंधरा, वीस, कधी तीस रंग लागतात आणि प्रत्येकाला वेगळी स्क्रीन. १५० प्रती आणि २० रंग धरा. कागद ३,००० वेळा जाळीखाली जाऊन आला, आणि त्यात वाया गेलेले धरले नाहीत. दर वेळी रॅकवर वाळवायचा, दर वेळी आधीच्या रंगाशी रजिस्टर जुळवायचं, म्हणजे नवा रंग नेमक्या जागी बसवायचा. आम्ही तर जून ते सप्टेंबर दोनाच्या वर रंगांचं काम घेतच नव्हतो. आपल्याकडच्या हवेत कागद पाणी पिऊन फुगतो. सकाळी छापलेल्या पिवळ्यावर दुपारी काळी रेघ बसवायला जावं तर ती केसभर सरकलेली. भावाला सांगा, झेरॉक्सच्या मशीनला पाऊस पडला तर कळत नाही. इथे कळतो.

पण भाऊ अगदीच चूक आहेत असंही नाही. तुमच्या प्रिंट्समध्ये आधी तैलचित्र झालं आणि मग कोणा कुशल कारागिराने त्यातला एकेक रंग वेगळा काढून तो छापला. अँडी वॉरहॉलने १९६२ पासून स्क्रीन वापरली, तेव्हा त्याच्या त्या कामात स्क्रीन हेच चित्र काढायचं साधन होतं, मागे दुसरं ‘खरं’ पेंटिंग नव्हतं. तुमच्याकडे आहे ती पेंटिंगची छापील प्रत. देखणी, कष्टाची, कलाकाराच्या देखरेखीखाली झालेली असेल तर मोलाची, पण प्रत. दोन्हींना बाजारात ‘सेरिग्राफ’ असा एकच शब्द वापरतात आणि गफलत तिथेच होते. पहिल्या जातीची किंमत दुसरीला देऊ नये असं माझं मत आहे. तुमचा विक्रेता तेच करतोय, असा मला वास येतोय.

वास हा शब्द मुद्दामच लिहिला. दादा, तुम्ही खोक्यावर ‘देवगड हापूस’ लिहिलेलं बघून आंबा घेता का? २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कोणाकोणाच्या पेटीत कुठला आंबा भरतात हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तुम्ही पेटीवरचं नाव वाचत नाही. फळ हातात घेता, देठाशी नाक लावता, साल बघता. प्रिंटच्या बाबतीत मात्र नंबर, सर्टिफिकेट आणि ‘एपी’ हीच पेटी वाचत बसलाय. पत्राच्या सहा पानांत छपाई कशी आहे याबद्दल एक ओळ नाही.

घरातली कुठलीही एक प्रिंट घ्या, काचेशिवाय. घड्याळजीकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग मिळवा. नाहीच मिळालं तर मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन फोटो काढा आणि वाढवून बघा. आकाशाचा निळा किंवा साडीचा लाल असा एकसलग रंग निवडा. ऑफसेटवर छापलेलं असेल तर त्या रंगात निळ्या, किरमिजी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या फुलासारख्या रांगोळ्या दिसतील. इंकजेट असेल तर बारीक फवारा मारल्यासारखं दिसेल. स्क्रीनचा रंग मात्र भरीव, सपाट, भिंतीला ऑइलपेंट दिल्यासारखा; कडेला कधी कधी जाळीचे बारीक दाते. मग खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या कडेने, जवळजवळ आडवा धरा. शाईचा थर उचललेला दिसेल, दोन रंग एकमेकांवर चढतात तिथे पायरी दिसेल. काळ्या रेघेच्या कडेला कुठेतरी खालचा पिवळा केसभर डोकावत असेल. तो दोष नाही. माणसाने रजिस्टर जुळवल्याची खूण आहे. माझ्याकडे फ्रेमचं काम शिकलेला एक मालवणी मुलगा हे पहिल्यांदा बघून म्हणाला होता, “बाय, ह्या चित्र नाय, हो रंगाचो थर आसा.” मला अजून याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

एखादीत ठिपके सापडले म्हणून लगेच विक्रेत्याशी भांडू नका. स्क्रीनवरही छटेसाठी ठिपके वापरतात. पण ते एकाच रंगाचे, जरा ठसठशीत आणि टॉर्चच्या उजेडात उठलेले दिसतात. चार रंगांची सपाट रांगोळी दिसली तर मात्र ती सिल्कस्क्रीन नव्हे, मग कोपऱ्यात सही कोणाचीही असो. जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कापून, त्याला झकास माउंट लावून ‘प्रिंट’ म्हणून विकलेलंही मी पाहिलंय. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल व्यंगचित्रंही काढत आणि पेंटिंगही करत. त्यांची मुखपृष्ठं कितीतरी घरांत भिंतीवर आहेत, आणि असावीतही. पण ते अंकाचं पान आहे, आवृत्तीतली प्रिंट नव्हे, आणि ते पान म्हणूनच विकलं-घेतलं गेलं पाहिजे.

आता तो लहान नंबर. ३/१५० म्हणजे एकूण १५० प्रतींपैकी तिसरा आकडा, एवढंच. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून काढलेल्या प्रिंटमध्ये पत्रा दाबाने झिजतो, म्हणून तिथे आधीच्या प्रतींना जास्त मान. ती समजूत लोकांनी स्क्रीनलाही चिकटवली. इथे तशी झीज होत नाही. शिवाय वीस रंगांच्या कामात दर रंगाला कागदांचा गठ्ठा उलटापालटा होतो. पहिल्या रंगाला तिसरा असलेला कागद शेवटच्या रंगाला एकशेचाळिसावा असू शकतो. नंबर पडतो तो शेवटी, सह्या करताना, समोर जो कागद येईल त्यावर. त्या तीनच्या आकड्यासाठी १५,००० जास्त मागणं म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटचा धंदा झाला. हौस असेल तर द्या, छपाई म्हणून देऊ नका.

‘एपी’चंही तसंच. आर्टिस्ट्‌स प्रूफ, म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. रीत अशी की त्या आवृत्तीच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंत असाव्यात. १५० ला पंधरा. नेटका छापणारा त्यांनाही नंबर घालतो. नुसतं ‘एपी’ लिहून सोडलेलं असेल तर अशा किती आहेत, हा प्रश्न उघडाच राहतो. तुमच्यावर नुसतं ‘एपी’ आहे.

आणि आता ती सुटलेली गोष्ट. व्यंगचित्रकार कोणत्या साली गेले हे तुम्ही पत्राच्या दुसऱ्याच पानावर हळहळून लिहिलंय. सर्टिफिकेटच्या फोटोत खाली उजवीकडे छपाईचं साल आहे. ते त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी आहे, आणि प्रिंटवर पेन्सिलची सही आहे.

मारिओ मिरांडा ११ डिसेंबर २०११ ला लोटलीला गेले, आर. के. लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ ला पुण्यात. त्या तारखांनंतर छापलेल्या कुठल्याही कागदावर त्यांची हाताने केलेली सही असूच शकत नाही. तुमच्या कलाकारालाही हाच नियम. कलाकार गेल्यावर वारसांनी आवृत्ती काढणं यात काही वावगं नाही. तिच्यावर वारसांची सही असते, शिक्का असतो, कागदात दाबून उठवलेली मोहोर असते, आणि ‘निधनोत्तर’ असं सरळ लिहिलेलं असतं. तुमच्या विक्रेत्याकडे यातलं काही नाही. तो कदाचित म्हणेल की कागदांवर सह्या आधीच करून ठेवल्या होत्या. साल्वादोर दालीने म्हातारपणी कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या आणि त्याच्या प्रिंट्सच्या बाजाराचा असा काही चुथडा झाला की तिथली सही खरी असूनही प्रिंट संशयित ठरते. म्हणजे हे उत्तर खरं निघालं तरी तुमच्या कामाचं नाही. सही छापलेली असेल, असंही होऊ शकतं. फोटोत ते कळत नाही. प्रत्यक्ष हातात आली तर आडव्या उजेडात बघा. पेन्सिल कागदात चर पाडते आणि ग्रॅफाइट चमकतं.

तेव्हा विक्रेत्याला फोन नको, लेखी विचारा. छापलं कोणी, कुठे, किती रंगांत, स्क्रीन पुसल्या की ठेवल्या आहेत, हेच चित्र दुसऱ्या मापात किंवा इंकजेटवर निघालंय का, सही कधीची. आणि एक गंमत करा. तुमच्या अकरांपैकी एखादी त्याच्याचकडून घेतलेली असेल, तर ती परत घेता का आणि केवढ्याला, असं विचारा. पाच वर्षांत दुप्पट होणारी वस्तू आहे, तेव्हा तो आनंदाने घेईल. जो आकडा येईल तो तुमच्या कपाटाचा आजचा दर. पुढच्या मोसमाचा भाव वाशीतला दलाल मार्चमध्येही छातीठोकपणे सांगत नाही, आणि हा पाच वर्षांचं सांगतोय!

चोरट्या प्रतींनी काय होतं याची एक गोष्ट सांगते. कार्ल बार्क्स हा अमेरिकन चित्रकार डोनाल्ड डकच्या चित्रकथा लिहून-काढून १९६६ मध्ये निवृत्त झाला. आपल्या मुलांना टीव्हीवरून माहीत झालेला तो कंजूष अंकल स्क्रूज त्याचाच, १९४७ चा. १९७१ पासून डिस्नेची परवानगी घेऊन म्हातारा तीच बदकं तैलरंगात रंगवू लागला आणि चाहत्यांची रांग लागली. पुढे त्याच्या एका चित्राच्या विनापरवाना छापलेल्या प्रती कोणीतरी विकताना सापडल्या. परिणाम? १९७६ मध्ये बार्क्सचीच परवानगी गेली. चोरी दुसऱ्याची आणि ब्रश याचा थांबला. कंपनीशी नव्याने ठरवून, नंबर घातलेल्या, सही केलेल्या मर्यादित प्रिंट्स निघायला ऐंशीचं दशक उजाडलं. तेव्हा ‘खरी की खोटी, मला आवडली ना’ असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही मर्यादित म्हणजेच मौल्यवान असं धरून चालाल. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. कोकणातल्या कितीतरी माजघरांत त्या अजून आहेत, धुराने काळवंडलेल्या. त्यांच्यावर ना नंबर ना पेन्सिलची सही, छापल्या तर अमाप. आणि आज चांगल्या स्थितीतल्या जुन्या प्रतीला लोक शोधत येतात. अमाप छापल्या, पण टिकल्या थोड्या, म्हणून. आपल्या हवेत टिकणं हीच खरी मर्यादित आवृत्ती.

म्हणून ते ठिपके. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, वाचा.

तपकिरी ठिपके उठतात ते ओल, बुरशी आणि कागदातल्याच अशुद्धी यांच्या संगनमताने. पुसून जात नाहीत. ओलं फडकं, लिंबू, खोडरबर, ब्लीच, दुपारचं ऊन, यातलं काहीही करू नका. स्क्रीनची शाई कागदात मुरत नाही, वर बसते. कागद भिजून फुगला की शाईला तडे जातात. ठिपके घालवायचेच असतील तर ते कागद-संवर्धकाचं काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. पण खर्च करण्याआधी ठिपके वाढायचे थांबवणं तुमच्या हातात आहे, आणि ते मागच्या बाजूने सुरू होतं.

माझंच सांगते. आमच्याकडे एका चित्रकाराने प्रेमाने दिलेली सात रंगांची प्रिंट होती. फ्रेमचं दुकान घरचं, तरी मी घाईत मागे उरलेला प्लायवूडचा तुकडा लावला, पुढे काच थेट कागदावर टेकवली आणि पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीवर टांगली. २००५ च्या जुलैत पाऊस कसा झाला ते तुम्हाला आठवत असेल. नवरात्रात उतरवली तर मागून प्लायवूडच्या रेषांचे डाग कागदातून पुढे आलेले, आणि पुढून निळा रंग काचेला चिकटलेला. काच उचलली, तसं आकाशही उचललं गेलं. दुसऱ्यांच्या फ्रेमा मी आयुष्यभर नीट केल्या. ती एक नीट करायला मला वेळ नव्हता.

तर, मागे प्लायवूड, हार्डबोर्ड, पुठ्ठा काही नको. ॲसिड-फ्री बोर्ड मागवा. पुढे त्याच बोर्डाचं माउंट, म्हणजे कागद आणि काच यांच्यात फट राहते. कागद सेलोटेपने चिकटवलेला असेल तर तो टेप स्वतः ओढून काढू नका. नवीन टांगायचा तो वरच्या दोन बिजागऱ्यांवर, पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठीची खळ वापरून. खालून मोकळा, म्हणजे पावसात फुगला तरी सुरकुतत नाही. हे तुमच्या फ्रेमवाल्याला माहीत नसेल तर त्याला हे सदर दाखवा, रागावला तर रागावू दे. आणि लॅमिनेशन? मुलांची मार्कशीट करा. प्रिंटला लॅमिनेशन म्हणजे कलमाला डांबर फासणं.

फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा खेळली पाहिजे, विशेषतः चिऱ्याच्या भिंतीला, जी पावसाळाभर पाणी पिते. पश्चिमेची भिंत नको, झड तिकडूनच येते. देवघरासमोर नको, चुलीच्या धुराच्या वाटेवर नको. माजघराची आतली भिंत उत्तम. खिळे-तारा पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या; तुम्ही खाडीजवळ आहात, साधी तार खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत तुटेल आणि काच चित्रासकट खाली येईल.

ज्या टांगायच्या नाहीत त्या नळीत गुंडाळून ठेवल्या असतील तर आधी बाहेर काढा. जाड शाई वर्षानुवर्षं वळून राहिली की तडकते. आडव्या ठेवा, मध्ये ॲसिड-फ्री पातळ कागद. पलंगाखाली वाळवी, कौलांखालच्या माळ्यावर उष्णता आणि गळती. त्यापेक्षा भिंतीपासून सुटं ठेवलेलं कपाट बरं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की सुकवून घ्या, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको. डांबरगोळ्यांनी कसर जाते असं आपल्याकडे सगळेच मानतात; मी तरी त्या चित्रांजवळ ठेवत नाही. कसर जाते ती वरचेवर उघडून बघण्याने. कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथींच्या पोथ्या बघितल्यात का? पाठीला पाठ लावून चिकटवलेली कागदी चित्रं, पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि तीही याच पावसातली. देवळात, जत्रेत उघडली जायची, हाताळली जायची, परत बांधली जायची. बंद कपाटात विसरलेला कागद आपल्याकडे जगत नाही.

पुतण्याला ‘नाही’ म्हणून सांगा. प्रिंट विकत घेतली म्हणजे चित्र छापायचा हक्क मिळत नाही. तो कलाकाराचा, आणि आपल्या कायद्याप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचा किंवा ज्याला दिला असेल त्याचा. खोक्यावर चित्र हवंच तर गावातल्या एखाद्या चांगल्या हाताच्या पोराकडून नवं काढून घ्या आणि त्याला पैसे द्या.

राहिल्या वहिनी. त्यांनी पत्र्यांची गोष्ट काढली ती चित्रांच्या रागाने, असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. पंपाची खोली गळतेय हे खरं असेल तर त्या बाई घरातल्या ओलीबद्दलच बोलताहेत, आणि तुम्ही ओलीमुळेच मला पत्र लिहिलंत. बारावीसाठी बाजूला काढलेल्या ४५,००० मधून आधी अकरांच्या फ्रेमा करा. सगळ्या एकदम नकोत, ठिपक्यांच्या दोन आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या आधी. उरतील त्यांचे पत्रे. भिंगाने अकरा तपासाल तेव्हा वहिनींनाही शेजारी बसवा. त्यांना कुठली आवडते ते तुम्ही सहा वर्षांत कधी विचारलेलं दिसत नाही.

आश्विनातलं कोरडं ऊन पडलंय. खिडक्या उघड्या, पण थेट ऊन येत नाही अशा खोलीत धुतलेली चादर अंथरा, हात कोरडे करा आणि ती ठिपक्यांची दोन चित्रं उताणी नाही, पालथी ठेवून मागचे खिळे काढा. आत काय निघतं ते मला कळवा. प्लायवूड निघालं तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी काढून टाका.